बोरकुंडीचा दिवाणजी

बिरप्पा मेटकरीनं आजवर पंचवीसेक वेळा बायकोचा गळा दाबला आहे. पोलिसांत तक्रार एकदाही गेली नाही. उलट दर खेपेला गावानं त्याला फेटा बांधला, हातात नारळ दिला आणि पुढच्या वर्षीही तूच मार, असं बजावलं.

हा खून रंगमंचावरचा. एरवी बिरप्पा सोलापूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. टेंभुर्णीची गाडी कुठल्या फलाटावर लागली, वेळापूरची अजून का लागली नाही, हे तो खिडकीमागे बसून माइकवर सांगतो. चिडलेल्या प्रवाशाशी तो वाद घालत नाही. ‘बसा मालक, येतीय गाडी,’ एवढंच म्हणतो. राहायला शहराच्या जुळे सोलापूर भागात, बायको मायाक्कासह, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. मायाक्काच्या गळ्याला त्यानं कधी हात लावलेला नाही. तशी हिंमत सोलापूर जिल्ह्यात कुणाची नाही.

मूळ गाव मंगळवेढ्याच्या बाजूचं बोरकुंडी. धनगरांची वस्ती, माणसांपेक्षा मेंढरं जास्त. गावचा देव बिरोबा, आणि बिरोबाच्या जत्रेत दर वर्षी एकच नाटक होतं, ‘हळदीचा डाग’. गावच्या शाळेत पूर्वी असलेल्या एका मास्तरांनी ते लिहिलं. तीन अंकी शोकांतिका. सरदार रायाजीराव मोहिमेवरून परत येतो. घरी बायको चंद्रावती, जिवाला जीव देणारा मित्र सेनापती, आणि वाड्यावरचा दिवाणजी, ज्याला कुणाचंच बरं चाललेलं बघवत नाही. चंद्रावती पूजेची हळद कालवत असते. सेनापतीचा पाय घसरतो, ती त्याला सावरते, आणि तिच्या ओल्या हाताचा डाग त्याच्या खांद्यावर उमटतो. दिवाणजी तो डाग सरदाराला दाखवतो. आरोप करत नाही. ‘सरकार, ती हळद कसली?’ एवढंच विचारतो. तिसऱ्या अंकात सरदार बायकोला मारतो, मग त्याला खरं कळतं, मग तो स्वतःलाही संपवतो.

मत्सराची जुनी नाटकं बहुतेक अशीच चालतात. पुरावा फडतूस असतो, मारणारा शूर असतो, आणि खरं काय ते त्याला सोडून सगळ्यांना माहीत असतं. बायकोला समोर बसवून एक प्रश्न विचारला तर नाटक तिथेच संपेल. म्हणून कुणी विचारत नाही. प्रेक्षकांचा जीव तुटतो तो त्या न विचारलेल्या प्रश्नापायी.

बोरकुंडीतले प्रेक्षक तो जीव आतल्या आत तुटू देत नाहीत. गिरिजाबाई नावाची एक म्हातारी पहिल्या रांगेत घोंगडी टाकून बसते. दुसरा अंक संपत आला की ती उभी राहते आणि सरदाराला ओरडून सांगते, ‘आरं, तिला इचार की येकदा! तिला इचार, मुडद्या!’ हे दर वर्षी चालतं. सरदार दर वर्षी मारतो, हे ठाऊक असूनही का ओरडता, असं कुणी विचारलं तर तिचं उत्तर तयार असतं. ‘येखांद्या वर्षी आयकंल.’

बिरप्पानं कधी ऐकलं नाही. सरदार म्हणून तो पंचक्रोशीत माहीत होता. शेवटच्या प्रवेशात बायकोचं प्रेत मांडीवर घेऊन तो काही न बोलता बसायचा. किती वेळ, याचा अंदाज कुणाला येत नसे. मैदानात खोकणारासुद्धा खोकला गिळायचा. मग बिरप्पा एक वाक्य बोलायचा, आणि बाया हुंदके द्यायच्या. लोक म्हणत, त्याच्या अंगातच येतं.

*

यंदा चैत्राच्या आधी चनबसप्पा बिरप्पाच्या घरी आला. चनबसप्पा मंगळवेढ्याचा ज्वारीचा व्यापारी, घरात कन्नड, दुकानात मराठी. मास्तरांच्या मागे हे नाटक तोच बसवतो. मायाक्कानं चहा ठेवला. चनबसप्पानं बशीत ओतला, फुंकला, आणि बशीकडे बघतच बोलला.

‘बिरप्पा, यंदा जरा बदल करू या.’

‘कसला?’

‘सरदार धनाजीला देऊ.’

धनाजी बिरप्पाचा सख्खा भाचा. आसरा चौकातल्या एका मोटारसायकलच्या शोरूममध्ये कामाला, दाढी कोरलेली, छाती रुंद.

‘आन् मी?’

‘दिवाणजी.’

‘दिवाणजी? त्यो कोपऱ्यात हुबा असतोय त्यो?’

‘कोपऱ्यात न्हाय रे. कानाजवळ.’

झालं होतं असं, की चंद्रावतीचं काम करायला दर वर्षी विजापूरकडून येणाऱ्या बाईंनी आता वय झालं म्हणून यायचं बंद केलं. गावातली बाई आजवर रंगमंचावर चढलेली नव्हती. धनाजीची बायको सोनाली म्हणाली, मी करते. तिची सासू, म्हणजे बिरप्पाची धाकटी बहीण, एका अटीवर तयार झाली. सुनेचा गळा दाबायचा तर तिच्या नवऱ्यानंच दाबायचा. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये.

‘तुझ्याच भणीचं म्हणणं हाय. तिला इचार जा,’ चनबसप्पा म्हणाला.

बिरप्पानं बहिणीला विचारलं नाही. न विचारण्याचा त्याला पंचवीस वर्षांचा सराव होता. चनबसप्पा गेल्यावर त्यानं मायाक्काला सांगितलं, ‘मला म्हातारा ठरिवला.’

‘मग काय तरणं हाय व्हय? गुडगं धरून उठताय.’

‘सरदाराला उठायचं नसतंय. बसूनच ऱ्हायाचं असतंय शेवटाला.’

‘त्येवढंच आवडतंय तुमाला त्यातलं,’ मायाक्का म्हणाली.

*

बोरकुंडीची नोकरीवाली पोरं बहुतेक जुळे सोलापुरातच राहतात, त्यामुळे तालमी बिरप्पाच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सुरू झाल्या. दुचाक्या एका बाजूला सरकवायच्या, मध्ये एक प्लास्टिकची खुर्ची, ती म्हणजे सरदाराचं आसन. सेनापती जोतीराम. तो वायरमन आहे, त्यानं पार्किंगचा बंद पडलेला दिवाही चालू करून दिला. तालमीपुरती त्याच्या शर्टावर चिमूटभर हळद चोळायची. डाग लख्ख दिसायचा.

चौथ्या-पाचव्या संध्याकाळी तळमजल्यावरच्या शांतम्मा बाहेर आल्या. अक्कलकोटकडच्या, कपाळाला विभूती, हातात लाटणं.

‘ओ मेटकरी, दररोज त्या पोरीला मारताय. आज सोमवार हाय सिद्धेश्वराचा, आज तरी सोडा की!’

‘काकू, मी न्हाय मारत आता. ह्यो मारतोय,’ बिरप्पानं धनाजीकडे बोट केलं.

‘मग तुमी काय करताय?’

‘मी नुस्तं सांगतोय.’

शांतम्मांनी लाटणं घरात ठेवून खुर्ची आणली. आठवड्याभरात पार्किंगमध्ये दहा-बारा खुर्च्या लागू लागल्या. वरच्या मजल्यावरच्या बायका शेंगा सोलत बसायच्या. शांतम्मांचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. ‘सरदार ठीक हाय. पोरगी गुणी हाय. पण हे दिवाणजी, अय्यय्यो! हे मला बघवत न्हाय. खरंच वाईट माणूस दिसतंय.’

आयुष्यात बिरप्पाला कुणी वाईट माणूस म्हटलेलं नव्हतं.

शांतम्मांना दिसत होतं ते खोटं नव्हतं. धनाजी बोलायला लागला की बिरप्पाची नजर त्याच्या पाठीवर खिळायची. खांदा कुठे पडतो, मान कुठे वळते, श्वास कुठे तुटतो, सगळं तो टिपायचा, आणि चूक सापडली की सांगायचा नाही. उलट, ‘आवाज चढव, आजून चढव, मागच्या माणसाला आयकू गेलं पायजे,’ असं सांगायचा. चढवलेला आवाज दुसऱ्या अंकात फाटतो हे त्याला माहीत होतं. चनबसप्पाला बाजूला घेऊन म्हणायचा, ‘पोरगं गुणी हाय. फकस्त जत्रंत गर्दी बगून भ्यायलं न्हाय म्हंजे झालं.’ चनबसप्पाच्या कपाळाला आठी पडायची. बिरप्पा मागे सरकायचा. दिवाणजीची चाल त्याला कुणी शिकवावी लागली नाही.

एकदा तालीम संपल्यावर धनाजी जवळ आला. ‘मामा, शेवटाला तुमी गप बसता की, ते किती येळ बसायचं?’

‘ते आपोआप कळतंय.’

‘आपोआप कसं?’

‘कळतंय रं. कळणाऱ्याला कळतंय.’

वर गेल्यावर मायाक्कानं ताट वाढता वाढता विचारलं, ‘आपोआप कळतंय व्हय? पंचवीस वर्सं गिरिजाबाईच्या पदराकडं बगून बोलत आलाय. तिनं पदर डोळ्याला लावला की तोंड उघडायचं. मला काय ठावं न्हाय?’

‘हळू बोल. खिडकी उघडी हाय.’

‘पोरानं इचारलं तर सांगाया काय झालं?’

बिरप्पानं भाकरी मोडली. मग सरळ सांगून टाकलं. ‘हे बघ. पोरगं यंदा पडलं की पुढच्या वर्सी सरदार पुन्हा माजा. मी पाडणार न्हाय त्याला. पर सावरायचंबी न्हाय.’

‘मग तालमीला जाताच कशापायी? दिवाणजी घरी बसून जमतंय की तुमाला.’

*

जत्रेच्या वेळापत्रकात यंदा एक फरक झाला. आजवर नाटक जत्रेच्या आदल्या दिवशी व्हायचं, उशिरापर्यंत चालायचं. आता भोंग्याला दहाच्या पुढे परवानगी नाही. पंचांनी नाटक जत्रेच्याच दिवशी, पालखी देवळात गेली की लगेच, ऊन उतरताना लावलं. सगळ्यांना ते सोयीचं वाटलं. पाहुणे गावातच असतात, मैदान भरलेलं असतं. हरकत कुणी घेतली नाही. चनबसप्पानं नाही, बिरप्पानं नाही, ज्यानं नाटकाचं शीर्षक रंगवलं त्या पेंटरनंही नाही.

बोरकुंडीच्या जत्रेत भंडारा उधळतात. भंडारा म्हणजे हळद. पालखी निघाली की पोत्यांनी उधळण होते. गजी ढोल वाजतात, माणसं नाचतात, आणि पाऊण तासात घरं, झाडं, मेंढरं, पंचायतीचा बोर्ड, सगळं पिवळं होतं. या गावात जत्रेच्या दिवशी अंगावर भंडारा असणं म्हणजे अंगात सदरा असणं. अंगात सदरा आहे, हे कोण ध्यानात ठेवतं? ज्या नाटकात हळदीच्या एका डागावरून दोन जीव जातात, ते नाटक त्या दिवशी करायला पंचांसकट अख्खं गाव खुशीनं तयार झालं होतं.

पालखी आली तेव्हा नट नटून तयार होते. तरी पालखीपुढे नाचल्याशिवाय कोण राहणार? सरदार नाचला, सेनापती नाचला, दिवाणजी सत्तावन्नाव्या वर्षी गुडघे विसरून नाचला. सोनाली दोन्ही हात वर करून नाचली आणि तिच्या सासूनं तिच्यावर ओंजळभर भंडारा टाकला. पुजाऱ्यानं रंगमंचावर नारळ फोडला आणि उरलंसुरलं टोपलं नटांच्या डोक्यावर पालथं केलं. पडदा उघडला.

पहिला अंक टाळ्यांत गेला. सोनालीनं चोख काम केलं. जोतीराम घसरला, तिनं त्याच्या खांद्याला धरून सावरलं, मग हात काढून डाग नीट उमटला का ते बघितलं, आणि तिला डाग सापडेना. ती किंचित थांबली. पण पुढचं वाक्य आलं आणि ते राहून गेलं.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती जागा आली. डावीकडे सेनापती, मध्ये सरदार, सरदाराच्या उजव्या कानाशी दिवाणजी. बिरप्पानं आवाज खाली आणला आणि विचारलं, ‘सरकार, सेनापतींच्या अंगरख्यावर ती हळद कसली?’

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

सेनापती डोक्यापासून मोजड्यांपर्यंत पिवळा होता. सरदाराची कोरलेली दाढी पिवळी होती. विचारणाऱ्या दिवाणजीच्या मिशा पिवळ्या होत्या. माइकचा दांडा पिवळा होता. पहिल्या रांगेत बसलेल्या सरपंचबाई, त्यांच्या मांडीवरचं नातवंड आणि नातवंडाच्या हातातला फुगा, सगळं पिवळं होतं.

गिरिजाबाई उठली. ‘आता कुनाकुनाला मारतूस रं सरदारा? समदा गाव पिवळा हाय!’

‘माजी म्हातारीबी पिवळी हाय, तिला न्हे आदी!’ मागून एक म्हातारा ओरडला.

‘तुज्यावर भंडारा कोन वाया घालवतंय?’ त्याच्या म्हातारीनं तिथल्या तिथे फेड केली.

‘दिवाणजी, सोताच्या मिशा बग!’

हसण्याची लाट पुढून मागे गेली आणि मागून पुढे आली. जोतीराम आपल्या खांद्यावरचा डाग शोधत स्वतःभोवती गोल फिरला. त्यानं लोक आणखी हसले. धनाजीला ‘विश्वासघात!’ म्हणून गरजायचं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि त्यालाच हसू आलं. त्यानं ओठ आवळले, खांदे हलायला लागले. विंगेत चनबसप्पानं कपाळावर हात मारला, कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला आणि पडद्याची दोरी हातात घेतली.

पडदा पडला असता तर नाटकही पडलं असतं. गाव म्हणालं असतं, बिरप्पा सरदार होता तेव्हा असं कधी झालं नाही. दोन महिने बिरप्पाला हेच हवं होतं. ते आता आयतं समोर आलं होतं, आणि त्याला काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं.

तो हसला नाही. सरदाराच्या कानाशी वाकून, पण माइकवर ऐकू जाईल असा, हळू म्हणाला, ‘हसा, सरकार. सगळा गाव हसतोय. आपणही हसा.’

धनाजीचं हसू ओठावरच राहिलं. मैदानातलंही थोडं खाली बसलं. आपण एका नवऱ्याच्या अब्रूला हसतोय, हे लोकांच्या एकदम लक्षात आलं.

हे वाक्य नाटकात नव्हतं. पुढचीही नव्हती. बिरप्पा सावकाश सेनापतीकडे चालत गेला.

‘बिरोबाचा भंडारा आहे, सरकार. वरून पडतो. डोक्यावर पडतो, कपाळावर पडतो, छातीवर पडतो. त्यात पाप कसलं?’ बोलता बोलता त्यानं मायेनं जोतीरामाच्या पाठीवर हात ठेवला, त्याला वळवलं, आणि बाजूला झाला. ‘पण पाठीवर हात कुणाचा पडतो?’

जोतीरामानं पालखीत नाचताना पाठीवर शेला घेतला होता आणि पुजाऱ्याचं टोपलं पालथं झाल्यावर तो काढून ठेवला होता. मागून अंगरखा पांढराशुभ्र होता. त्या पांढऱ्यावर आता पाच बोटांचा पिवळा पंजा होता. ताजा. घामेजल्या हाताचा.

दोन हजार माणसांच्या डोळ्यांदेखत दिवाणजीनं पुरावा तयार केला होता.

पहिल्यांदा पोरं ओरडली. ‘त्यानंच लावला! त्यानंच लावला!’

मग गिरिजाबाई. ती आता हसत नव्हती. घोंगडीवरून उतरून रंगमंचाच्या फळीला येऊन भिडली होती. ‘सरदारा, आरं त्यानं लावलाय, त्या भाड्यानं! मी बगितलंय! त्याचा हात बग!’

धनाजी त्या पंजाकडे बघत होता. खांदे हलायचे थांबले होते. ‘हा हात कुणाचा?’ त्यानं विचारलं. आवाज चढला नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा चढला नाही.

बिरप्पानं दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि मान झुकवली. ‘मी कसं सांगू सरकार? मी चाकर माणूस.’

‘हात दाव!’ अख्खं मैदान उभं राहिलं. ‘हात दाव दिवाणजी! हात दाव!’

सरदार पाठीकडेच बघत राहिला. त्याला काही ऐकू आलं नाही. चनबसप्पानं दोरी ओढली.

असं का केलं, हे बिरप्पाला नंतर अनेकांनी विचारलं. भाच्याची माया, गावची इज्जत, अशी उत्तरं लोकांनीच सुचवून पाहिली. तो मान हलवतो. ‘माया-बिया काय न्हाय. वाक्य सुचलं. सुचलेलं वाक्य गिळायचं म्हंजे लई अवघड असतंय.’ आणि ते सुचलं कसं? ‘दोन महिने धनाजीच्या पाठीवरच डोळा ठिवून होतो की. मला पाठीबिगर दुसरं काय सुचणार?’

*

मध्यंतरात निम्मं मैदान पडद्यामागे आलं. प्रत्येकाला सरदाराला एकट्यात गाठून खरं सांगायचं होतं. चनबसप्पा दार अडवून उभा होता. गिरिजाबाई त्याच्या काखेतून आत शिरली.

‘पोरा, तुला म्हणून सांगते,’ ती धनाजीचा हात धरून म्हणाली. ‘ती पोरगी गंगंसारखी हाय. ते सगळं ह्या थेरड्याचं काम हाय.’

‘आज्जी, त्याला ठाऊक हाय,’ चनबसप्पा म्हणाला.

‘ठाऊक हाय? मग मारतोय कशाला?’

चनबसप्पा पुन्हा दार अडवायला वळला. सोनाली आरशासमोर बसून हसत होती. हसता हसता तिनं गळ्यातली बोरमाळ काढून सासूकडे दिली, कारण पुढच्या अंकात ती तुटण्याची शक्यता होती. ‘आत्याबाई, ह्यांना सांगा, जरा हळू दाबा. तालमीत मान आखडली होती.’

‘सांगून बघ. आयकतोय का तुजा नवरा?’ सासू म्हणाली.

म्हातारीला बाहेर पोचवल्यावर बिरप्पानं भाच्याला विंगेत ओढलं.

‘त्या म्हातारीला बगितलंस न्हवं? पयल्या रांगेत मधोमध बसती. शेवटाला सोनालीला मांडीवर घेतलं की तिच्या पदराकडं बघ. पदर डोळ्याला लागल्याबिगर तोंड उघडू नको. कितीबी येळ लागू दे.’

‘आपोआप कळतंय म्हणाला होता की, मामा!’

‘म्हणालो असंन. जा आता. आन् आवाज चढवू नको.’

‘चढव म्हणून तुमीच...’

‘जा म्हणतोय न्हवं!’

तिसरा अंक शोकांतिकेचा असतो तसाच झाला. आता हसायला कुणी शिल्लक नव्हतं. सोनालीनं निर्दोष असल्याचं सांगितलं, सगळ्यांना पटलं, सरदाराला पटलं नाही. गळा दाबताना मैदानातून शिव्या आल्या, त्यातल्या बहुतेक कोपऱ्यात हात बांधून उभ्या असलेल्या दिवाणजीसाठी होत्या. तो अंकभर हात पाठीमागेच बांधून होता. एकदा त्यानं नाक खाजवायला हात पुढे आणल्यासारखं केलं आणि परत मागे घेतला. दोन हजार माणसं पुढे झुकली आणि परत मागे झाली. असं काही सरदाराच्या कामात बिरप्पाला कधी मिळालं नव्हतं.

सोनालीला मांडीवर घेऊन धनाजी बसला. गप्प. मावळतीचं ऊन पडद्यावर आलं. मेंढराच्या गळ्यातली घंटा दूर कुठेतरी वाजली आणि थांबली. गिरिजाबाई यंदा रागावलेली होती, तिचा पदर काही वर जाईना. धनाजी वाट बघत राहिला. विंगेत चनबसप्पाला वाटलं, पोरगं वाक्य विसरलं. तो पुढचं वाक्य सुचवायला लागला, तर शेजारी उभ्या असलेल्या मायाक्कानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. शेवटी म्हातारीनं पदर उचलला. धनाजी बोलला, ‘चंद्रा, मी विचारायला हवं होतं.’

बाया रडल्या. पुरुषांनी भंडारा डोळ्यांत गेल्याचं सांगितलं.

*

जत्रेची पंगत देवळामागच्या पटांगणात बसते. पंगत संपायच्या आत पुढच्या वर्षीच्या नाटकाची नावं ठरतात, हा गावचा रिवाज. पत्रावळी पडल्या, आमटी-भात आला, वर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. वाढणाऱ्या बायांनी बिरप्पाला दोनदा ओलांडलं.

‘आमी काय उपाशी उठायचं का?’ त्यानं विचारलं.

‘दिवाणजीला वाढत न्हाय आमी,’ सरपंचबाई म्हणाल्या. मग स्वतःच दोन पळ्या हुग्गी टाकून गेल्या. लहान पोरं त्याच्या समोर येऊन उभी राहात, धीर करून ‘लबाड!’ म्हणत आणि पळत. बिरप्पा जेवता जेवता डोळे वटारायचा. पोरं किंचाळायची. फेटा आणि नारळ यंदा धनाजीला मिळाला होता. त्याच्याकडे बघून कुणी किंचाळत नव्हतं.

चनबसप्पा पंगतीच्या टोकाला उभा राहिला. ‘हं, पुढच्या वर्षी सरदार कोण?’

धनाजी लगेच उठला. उष्ट्या हातानंच बोलला. ‘मामाच. सोनाली मामाबरोबर काम करंल, आईनं हो म्हटलंय. माझा हात हलका न्हाय, असं दोघींचं म्हणणं पडलं.’

बिरप्पाच्या बहिणीनं मान डोलावली. ‘दादा म्हातारा हाय. त्याच्या हातात आता कुटं जोर ऱ्हायलाय?’

पंगत हसली. चनबसप्पानं बिरप्पाकडे बघितलं. ‘काय रे? घेतोस ना परत? तुझंच काम ते.’

पंचवीस वर्षांचं काम होतं. दोन महिने त्यानं त्यासाठी भाच्याला चुकीचा सल्ला दिला होता. बिरप्पानं हुग्गीतला बेदाणा बाजूला काढला, खाल्ला, आणि विचार करून बोलला.

‘सरदाराला काय करायचं असतंय? दिवाणजी सांगंल ते. ते कुणीबी करंल. धनाजीलाच ऱ्हाऊ दे.’

‘आन् तू?’

‘मी दिवाणजी.’

‘खरंच?’

‘लिवून घ्या.’

मायाक्का वाढपाच्या बादलीजवळ उभी होती. तिनं बादली खाली ठेवली.

तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून जोतीराम म्हणाला, ‘चनबसप्पाण्णा, पुढच्या वर्सी मला द्या की दिवाणजी. पाठीवरचा पंजा माझ्याच पाठीवर हुता, मला समदं म्हाईत झालंय. बिरप्पामामांचं वयबी झालंय आता.’

बिरप्पानं हातातला घास खाली ठेवला. जोतीरामाकडे बघितलं. नुसतं बघितलं, आणि मग चनबसप्पाकडे वळून मऊ आवाजात म्हणाला, ‘पोरगं गुणी हाय. फकस्त...’

जोतीरामानं घाईनं तूप मागितलं.